जोड नसलेल्या फिती

डोळ्यांत थेंब घालून मला चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या बाकावर बसवलं होतं, वीस मिनिटं डोळे मिटून बसा म्हणून, आणि मी सांगितलेलं ऐकणारा माणूस असल्यामुळे खरोखरच मिटून बसलो होतो, तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीतून कुणीतरी म्हणालं, "सासूबाई, आमच्या ग्रहावर पाहुणे गेल्यावर दार लावतात. तुम्ही आधीच लावलंत." त्यावर पुष्कळ माणसं एकदम हसली. वाक्य माझं होतं. ते मी एका दुपारी, हातरुमालाने घाम पुसत, कॅन्टीनच्या कूपनांच्या मागे लिहिलं होतं. मी डोळे उघडले. दुकानाचं दार, काउंटर, आरसे, सगळं विरघळून एक पांढरी झळ झाली होती, आणि त्या झळीत उंचावर एक हिरवा डाग इकडून तिकडे हलत होता. डागाला चेहरा नव्हता. आवाज मात्र लख्ख होता, इतका की नटाने 'पाहुणे'च्या आधी घेतलेला श्वासही मला ऐकू आला. जिना उतरताना पायरी संपलेली असते आणि आपण आणखी एक आहे असं धरून पाय टाकतो, तसं झालं.

"'हिरवा जावई'," चष्मेवाला कुणाला तरी सांगत होता. "रोज अकराला लावतात हल्ली. जुन्या मालिकांचं नवं चॅनल निघालंय." बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाई हसल्या. "काय फालतू होतं हो ते! त्या जावयाच्या डोक्यावरच्या स्प्रिंगा बघा. पण आम्ही एक भाग चुकवत नसू." "त्याच सुमाराची आणखी एक होती," चष्मेवाला म्हणाला, "तिकडे अंतराळात, तक्रारी घेणारं ऑफिस. नाव गेलं डोक्यातून. ती मात्र चांगली होती बरं का. हसता हसता पोटात कालवायचं. ती का नाही लावत कोण जाणे." बाई म्हणाल्या, तशी काही असल्याचं त्यांना आठवत नाही. मी पुन्हा डोळे मिटून घेतले. मालिकेचं नाव 'तक्रार खिडकी' होतं, आणि ती का लावत नाहीत हे त्या दुकानात एका माणसाला ठाऊक होतं. ते सांगावंसं मला वाटलं नाही. माझ्या बाबतीत असं नेहमीच होतं: आधी सांगावंसं वाटत नाही, मग सांगण्याची वेळ निघून जाते, आणि मग आपण मुळातच अबोल आहोत असं स्वतःला समजावता येतं.

घरी आलो तरी बुबुळं मोठीच होती. धाकटी बहीण, जी तिचे यजमान गेल्यापासून माझ्याकडे असते, किंवा खरं म्हणजे मी तिच्याकडे असतो, कारण घर तीच चालवते, दारातच म्हणाली, "दादा, फोन आला होता. मास्तरांच्या मुलीचा."

"काय म्हणाली?"

"आधी बूट काढ. लादी आत्ता पुसलीय." मी चाचपत बूट काढले. "मास्तर आजारी आहेत, आता इथेच तिच्याकडे असतात. अर्धं अंग गेलंय. फार दिवस नाहीत, असं म्हणाली नाही ती, पण तसंच बोलत होती. आणि त्यांच्या मालिकेची एक फीत तुझ्याकडे आहे म्हणे. ती घेऊन यायला सांगितलंय."

"माझ्याकडे नाही."

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, आमच्या घरात तीस वर्षांची वर्तमानपत्रं आहेत, फीत काही मी पाहिली नाही. तर म्हणते, बाबा म्हणतात, असणारच. तो जीव देईल, पण ती पुसणार नाही." तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला, माझी बोटं त्याच्याभोवती नीट बसली की नाही ते पाहिलं, आणि म्हणाली, "तू कुणासाठी जीव देशील असं मला कधी वाटलं नव्हतं हो दादा. बरं वाटलं ऐकून."

मी खिडकीकडे पाठ करून बसलो. उजेड सोसवत नव्हता. तिने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचून दाखवायला घेतलं, मधूनमधून आपली मतं घालत, आणि मी हं हं करत राहिलो. अंधाऱ्या भिंतीवर मला फितींचं कोठार दिसत होतं. तिथे मी एकतीस वर्षं काढली. स्टुडिओच्या इमारतीच्या तळघरात ते एकमेव थंड ठिकाण होतं, कारण फिती तापून चालत नसे. माणसं तापली तरी चालायची. म्हणून उन्हाळ्यात सगळे काही ना काही निमित्त काढून खाली यायचे: सुतार, मेकअपवाला, निवेदिका. मास्तर मात्र बारा महिने यायचे. ते आधी शाळेत गणित शिकवत, मग नोकरी सोडून लेखन विभागात लागले, पण मास्तर हे नाव काही सुटलं नाही. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून, पेन्सिलीने, एका ओळीत फार तर चार शब्द असे ते लिहायचे. मला 'कपाट' हे नाव त्यांनीच दिलं. "बंद असतं, आत पुष्कळ असतं, आणि उघडलं की कुरकुरतं," ते म्हणाले होते, आणि आठवडाभरात सगळा स्टुडिओ मला कपाट म्हणू लागला. मला राग आला होता का? तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपल्याला नाव दिलं, म्हणजे आपण दिसलो.

'तक्रार खिडकी'त एक छोटं ऑफिस होतं. आकाशातल्या सगळ्या यानांच्या तक्रारी तिथे यायच्या, पण इतक्या लांबून, की पोचेपर्यंत ऐंशी-नव्वद वर्षं उलटलेली असत. तक्रार करणारा केव्हाच गेलेला. ऑफिसात दोन कारकून, एक म्हातारा आणि एक मधल्या वयाची बाई, आणि 'सहायक' नावाचं यंत्र. ते तिघं त्या मेलेल्या माणसांना अतिशय मनापासून उत्तरं लिहायचे. एका भागात तक्रार आहे: जेवण थंड मिळतं. पूर्ण अर्धा तास दोघं भांडतात, की दिलगिरी व्यक्त करावी की खेद. दुसऱ्या एका भागात आधी तक्रार मागे घेतल्याचं पत्र येतं, जवळच्या मार्गाने, आणि मूळ तक्रार अजून वाटेत असते. ती काय असेल या काळजीने बाई जेवत नाही. प्रेक्षक म्हणून आमचेच लोक बसायचे, तारतंत्री, शिपाई, हिशेबनीस, आणि ते हसायचे, आणि हसणं थांबल्यावर जरा वेळ कुणी बोलायचं नाही. त्या शांततेसाठी मास्तर लिहायचे, असं मला वाटतं. मला वाटतं म्हणजे काय, ते तसं म्हणालेच होते एकदा. की मीच म्हणालो होतो आणि त्यांनी मान डोलावली होती? इतकी वर्षं झाली की दोघांची वाक्यं एकमेकांना चिकटतात.

'हिरवा जावई' त्याच मजल्यावर, शेजारच्या सेटवर व्हायची. एका खाष्ट सासूच्या घरात परग्रहावरचा जावई. इतकंच. दर भागात त्याला इथली एक गोष्ट समजत नाही आणि शेवटी तो कशात तरी पडतो. यान पुठ्ठ्याचं, चंदेरी रंगाचं, आणि त्या रंगाचा वास दिवसभर घशात बसायचा. जावयाच्या नटाचा हिरवा रंग कानामागून कधीच पुरता निघायचा नाही. स्वतःच्या मुलीच्या शाळेत तो गेला तेव्हा बाकीची मुलं त्याच्या कानांकडे पाहत होती, हे त्यानेच हसत सांगितलं होतं. मालिकेचा मूळ लेखक भांडून निघून गेला, तेव्हा निर्माता कोठारात येऊन म्हणाला, "कपाटा, तू पुस्तकं वाचतोस ना? मग लिही." मी अकरा भाग लिहिले. नाव कुठे आलं नाही, मी मागितलंही नाही. ते भाग वाईट होते. हे मी नम्रता म्हणून सांगत नाही. मी लिहिलेल्या विनोदावर प्रेक्षक हसत नसत, म्हणून दुसरीकडचं हसणं उतरवून घेऊन तिथे चिकटवावं लागे, आणि पुष्कळदा ते 'तक्रार खिडकी'चं असे. तरी सांगतो, माझा जीव होता त्या पुठ्ठ्याच्या यानात. वाईट गोष्टीत एक ऊब असते. तिच्यासमोर आपल्याला नीट बसावं लागत नाही.

'सहायक' या यंत्राला आवाज हवा होता. मास्तर म्हणाले, "तू दे. नटानं दिला की खोटा वाटतो." मी नाही म्हटलं, तीन वेळा, आणि दिला. यंत्र प्रत्येक गोष्ट अशी सुरू करायचं: "माफ करा, मला असं वाटतं... पण मला काय वाटतं, याला तसा फारसा अर्थ नाही." आणि नेमकं त्याचंच बरोबर असायचं, आणि कुणी ऐकायचं नाही. पहिले तीन भाग मी पडद्यामागच्या पेटीत बसून वाचले आणि मला वाटलं, आपण नाटक करतोय. तिसरा टीव्हीवर लागला तेव्हा तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर पाहिला. यंत्राने माफी मागितली आणि सुताराने टेबलावर थाप मारली. "अरे, हा तर आपला कपाट! हुबेहूब!" सगळी माणसं माझ्याकडे वळली. हसली. वाईट मनाने नाही. मेकअपवाल्याने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही हसलो, आणि हसताना मला कळत होतं की मी कसा हसतो हेसुद्धा मास्तरांनी टिपून ठेवलेलं असणार. समोर बसून इतके महिने ते पेन्सिलीने काय लिहीत होते, ते मला त्या दुपारी समजलं. उरलेले दहा भाग मी वाचले. एकदाही चुकलो नाही. यंत्राचं काम मी वाईट करावं असं फार वाटायचं, पण तेही मला जमलं नाही.

चार वर्षांनी मास्तर स्टुडिओ सोडून परत शाळेत गेले, दुसऱ्या गावी, आणि त्यानंतर दीड वर्षाने परिपत्रक आलं. खेळांचे मोठे सामने दाखवायचे होते आणि कोऱ्या फिती नव्हत्या. जुन्या साठ फिती पुसून वापरायला काढा. कुठल्या काढायच्या याचा नियम साधा होता. त्या काळी चूक झाली की फीत पात्याने कापून पुन्हा चिकटवायचे, आणि असा जोड असलेली फीत पुन्हा वापरली की चित्र उडी मारायचं. म्हणून पाचाहून जास्त जोड असतील ती निकामी, ती मागच्या फळीवर. बिनजोडाची ती पुसायला. 'हिरवा जावई'च्या एकेका भागात तीस-चाळीस जोड होते, कारण कुणी धड पाठ करून येत नसे. 'तक्रार खिडकी'त एकही नव्हता. मास्तर नटांकडून महिनाभर घोकून घ्यायचे, आणि मग एका दमात, न थांबता, पूर्ण भाग. तेरा फिती, अखंड, स्वच्छ. नियमाने त्याच आधी जायच्या. पण यादीच्या कागदाला शेवटी एक रकाना होता, शेऱ्याचा. तिथे मी 'राखावे' असं लिहिलं की वरचे लोक न वाचता सही करत. मी कितीतरी वेळा लिहिलं होतं. कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाच्या फितीपुढे लिहिलं होतं, निवेदिकेला त्यातली आपली साडी आवडली होती म्हणून. त्या तेरा ओळींपुढे मी काही लिहिलं नाही. हात वर उचलून धरला होता, हे मला आठवतं. पेनात शाई होती.

पुसायचं यंत्र म्हणजे एक लोखंडी टेबल, त्यात मोठं चुंबक. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर ते कायमचं बंद पडतं. फितीचं चाक टेबलावर ठेवून हळूहळू गोल फिरवायचं, एकदा असं, मग उलटं करून. गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि तळहाताला मुंग्या येतात. एका फितीला तीन मिनिटं. दुपारच्या जेवणाआधी मी सात केल्या आणि नंतर सहा. जेवलो. हे मी मुद्दाम सांगतो. मला भूक लागली होती आणि मी जेवलो.

मास्तरांचं वर्षाला एक पत्र यायचं. शाळा, पत्नीची सांधेदुखी, मुलीचं लग्न, आणि शेवटी ठरलेली ओळ: 'खिडकी तुझ्याकडे आहे, म्हणून निश्चिंत आहे.' पहिल्या वर्षी मी ठरवलं, उत्तरात लिहू. मग हवेविषयी लिहिलं. दुसऱ्या वर्षीही. पुढे त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं असणार की सगळं पुसलं गेलं, कारण एका पत्रात होतं, 'लोक काहीबाही सांगतात. मी हसतो.' त्याही पत्राला मी हवेविषयीच लिहिलं. पाऊस कमी झाल्याचं.

"दादा, ऐकतोयस का?" बहीण म्हणाली. तिने वर्तमानपत्राची घडी घातली होती. "कधी जाणार आहेस?"

"उद्या."

"काय नेणार?"

मी पेला चाचपत खाली ठेवला. ती म्हणाली, "केळी ने. रिकाम्या हातानं जाऊ नये."

दुसऱ्या दिवशी डोळे ठीक झाले होते. बसमध्ये मी वाक्यं तयार केली. मास्तर, मला तुमची क्षमा मागायची आहे. हे खोडलं, कारण त्यात 'मला' आधी येत होतं. मास्तर, एक गोष्ट सांगायची राहिली. हे खोडलं, कारण राहिली नव्हती, ठेवली होती. शेवटच्या थांब्यापर्यंत एकही उरलं नाही. मुलीने दार उघडलं. मी तिला पाहिलं होतं ते दोन वेण्यांत, कोठाराच्या पायऱ्यांवर बसून निर्मात्याने दिलेला जावयाच्या चित्राचा बिल्ला फ्रॉकला लावताना. आता तिचे केस पांढरे होते आणि डोळ्यांखाली झोप साचली होती. "या काका," ती म्हणाली, आणि तिची नजर आधी माझ्या पिशवीकडे गेली.

मास्तर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून होते. डावी बाजू कुणा दुसऱ्याची असल्यासारखी शेजारी ठेवलेली. उजवा डोळा मात्र तोच, चूक शोधणारा. "कपाटा," ते म्हणाले. शब्द एका बाजूने, ओले होऊन यायचे, पण कळायचे. "आलास. आणलीस?"

"नाही, मास्तर." मी खुर्चीत बसलो नव्हतो. "माझ्याकडे नाही. एकही नाही. तेराच्या तेरा पुसल्या. मीच पुसल्या."

"हुकूम आला असेल," ते म्हणाले. माझ्या वतीने. मला ते सहन झालं नाही.

"आला होता. पण शेऱ्याचा रकाना होता. 'राखावे' लिहिता आलं असतं. कुणी विचारलं नसतं. मी लिहिलं नाही."

"विसरलास."

"नाही."

ते थांबले. शाळेत एखाद्या मुलाने गणित फळ्यावर अर्धवट सोडलं की थांबत असतील तसे. मला पुढे बोलावंच लागलं. "तुम्ही मला त्या यंत्रात घातलंत. सगळे हसले माझ्यावर. मला आधी सांगायचं तरी. माझ्याच तोंडून मला..." आवाज चढला असावा, कारण दारात मुलगी येऊन उभी राहिली.

"कुठल्या यंत्रात?"

"सहायक."

त्यांचा उजवा डोळा माझ्यावर बराच वेळ राहिला. त्यात राग शोधला, तो नव्हता. आश्चर्य होतं, अगदी लहान मुलाचं. "अरे, तो तू नव्हतास," ते म्हणाले. "तो मी. तेरा वर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवलं. वर्गाकडे बघवायचंच नाही. उत्तर बरोबर आहे हे माहीत असून म्हणायचो, तपासून बघा बरं, मला खात्री नाही." धाप लागली. मुलीने ओठांना पाण्याचा चमचा लावला, त्यातलं अर्धं हनुवटीवरून उतरलं. "ते माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून तुला दिलं. वाटलं, बाकीचे हसतील. तुला एकट्याला कळेल."

मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं माझ्याजवळ निदान एक कारण होतं. हलकं, कोतं, लाजिरवाणं, पण माझं, आणि रात्रंदिवस हाताळून गुळगुळीत झालेलं. मी त्याचीच लाज बाळगून होतो. ते नव्हतंच, असं काही माझ्या मनात कधी आलं नव्हतं. स्वतःविषयी इतक्या शंका काढणाऱ्या माणसाला ही एक शंका आली नव्हती. मास्तरांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. "तो डोळा तसाही गळतो," मुलगी म्हणाली, आणि रुमालाने टिपलं. मग मास्तरांनी विचारलं, "एकही नाही?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तेवढं त्यांना करता येत होतं.

जिन्यापर्यंत मुलगी माझ्याबरोबर आली. केळ्यांची पिशवी अजून माझ्याच हातात होती, ती तिने घेतली. "मी ऐकलं सगळं," ती म्हणाली. "तुम्हाला काय बोलायचं ते मी मनात बोलून घेतलंय, तुमच्यासमोर नको. आता माझं ऐका. ते तासाभरात विसरतील. रोज सकाळी मला विचारतात, तुझी आई कुठेय. सुरुवातीला मी सांगायचे, आई गेली बाबा, सहा वर्षं झाली. तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी सोडलं. बाजारात गेलीय म्हणते. उद्या ते पुन्हा फितीचं विचारणार. तुम्ही या, आणि आहे म्हणा."

"खोटं सांगू?"

"चाळीस वर्षं काय सांगत होतात?" ती म्हणाली. ओरडली नाही, शेजाऱ्यांचं दार उघडं होतं. "आता तुम्हाला हलकं वाटत असेल. तुमच्यापुरतं झालं. त्यांना एवढंच उरलंय, काका. मी पुरत नाही त्यांना. दहाला या. दहाला जरा बरे असतात."

मला हलकं वाटत नव्हतं. पण वाटायला हवं होतं का, याचा विचार करत मी दोन थांबे चालत गेलो. जे सांगायला मला अर्धं आयुष्य लागलं ते आत त्या खोलीत आत्ता, या क्षणी, मिटत चाललं होतं, आणि उद्या मी तिथे गेलो की मी ते न केलेला माणूस असणार होतो. अशी संधी कुणाला मिळते, असं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली. बहिणीने विचारलं, काय झालं, मी म्हटलं, उद्या पुन्हा बोलावलंय. ती म्हणाली, "म्हणजे जमलं म्हणायचं." मी मान हलवली.

दहा वाजता मास्तरांची दाढी केलेली होती. "कपाटा! आलास." तोच आनंद, कालच्याइतकाच नवा. "आहे ना रे?"

"आहे, मास्तर."

"म्हणालो नव्हतो तुला?" ते मुलीला म्हणाले. अर्ध्या चेहऱ्याने इतकं हसता येतं हे मला माहीत नव्हतं. "किती?"

"तेराच्या तेरा."

"मग लाव. नववा लाव. तपासनीस येतो तो."

"यंत्र दुरुस्तीला दिलंय बाबा," मुलगी म्हणाली. तिचं उत्तर आधीच तयार असणार. "तोवर काका सांगतील. त्यांना सगळं पाठ आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती चहाचे पेले घेऊन दाराशी टेकून उभी होती. मी सुरुवात केली. तपासनीस येणार म्हणून पत्र येतं. पत्र सत्तर वर्षांपूर्वीचं, म्हणजे तपासनीस कधीही येईल. म्हातारा कारकून बटणं लावतो, बाई टेबल पुसते. मास्तरांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दार वाजतं. तपासनीस आत येतो, आजूबाजूला बघतो, आणि... आणि काय? मला दार दिसत होतं, नटाची टोपी दिसत होती, पेटीतला माझा कागदसुद्धा, पण कागदावर काही नव्हतं. मी पुन्हा दार वाजवलं. पुन्हा तो आत आला, पुन्हा टोपी काढली. मास्तर थांबले होते. उजव्या डोळ्यातलं हसू हळूहळू मावळू लागलं होतं, आणि त्याच्या जागी कालचं काहीतरी, नाव नसलेलं, वर येत होतं.

"तपासनीस खुर्चीत बसतो," मी म्हणालो. "आणि खुर्ची म्हणते, 'जरा बेतानं, माझं नुकतंच जेवण झालंय.'"

तो 'हिरवा जावई'चा बासष्टावा भाग होता. जावयाची मावशी पाहुणी येते आणि तिला हव्या त्या वस्तूचं रूप घेता येतं. मीच लिहिलेला. प्रेक्षकांत कुणी हसलं नव्हतं. दाराशी पेल्यांचा आवाज झाला. मुलीने वर पाहिलं होतं, आणि तिला तो भाग आठवत होता, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिने पेले खाली ठेवले आणि ऐकत राहिली.

मास्तरांच्या घशातून आधी नुसती हवा आली. मग ते हसले. खांदा हलला, मेलेला हात पांघरुणावर हलला, पाणी आलं, या खेपेला दोन्ही डोळ्यांतून. "खुर्ची म्हणते!" ते म्हणाले. "नुकतंच जेवण झालंय! हे मी लिहिलं होतं?"

"तुम्हीच, मास्तर."

"चांगलं होतं की रे." बराच वेळ ते धापा टाकत हसत राहिले. "उगाच वाटायचं मला, आपल्याला काही जमलं नाही. पुढे? पुढे काय होतं?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि पुढचं सांगू लागलो. आता मला सगळं आठवत होतं.